छोट्या विमानाचे लँडिंग, वैमानिकाची चूक आणि ‘न उतरल्याचे’ कौतुक

नेरूळकर
शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. माझी थोरली लेक सध्या घरापासून दूर, खानदेशातल्या एका धावपट्टीवर वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेत आहे. गेल्याच महिन्यापासून तिला एकटीने विमान उडवण्याची परवानगी मिळाली आहे. परवा तिचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आज काय केलेस, असे विचारले, तर ती म्हणाली, “तीन वेळा उतरले आणि एकदा उतरले नाही.” धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर, चाके टेकण्याआधीच तिने इंजिनाला पूर्ण ताकद दिली, विमान पुन्हा वर नेले आणि आणखी एक फेरी मारून मग ते खाली आणले, असा त्याचा अर्थ निघाला. ज्या तीन वेळा ती व्यवस्थित उतरली, त्यांबद्दल तिचे प्रशिक्षक अवाक्षर बोलले नाहीत. जी फेरी फसली तिच्याबद्दल मात्र त्यांनी सगळ्या मुलांसमोर तिचे कौतुक केले.

मी ३४ वर्षे बँकेत काढली. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर आमच्याकडे कोणी पाठ थोपटत नसे. त्यामुळे माझे दोन प्रश्न आहेत. छोट्या खासगी विमानांना अपघात होतात ते उतरतानाच अधिक होताना का दिसतात आणि ‘वैमानिकाची चूक’ असे म्हणतात तेव्हा नेमके काय चुकलेले असते? आणि दुसरे म्हणजे, न उतरण्यात कौतुक करण्यासारखे काय आहे? घरी हिची आई रोज हाच प्रश्न विचारते आणि माझ्यापाशी उत्तर नसते.

उपवन
शनिवार, रात्री ९.३२

काका, लेकीला मनापासून शुभेच्छा. ठाणे स्थानकाबाहेरच्या शेअर रिक्षावाल्याने मला तीनदा घरी पोहोचवले आणि चौथ्यांदा सोसायटीच्या दारापर्यंत नेऊन पुन्हा स्थानकावर आणले, तर मी त्याचे कौतुक करणार नाही, एवढे नक्की. जाणकारांच्या प्रतीक्षेत आहे.

येऊरचा_वारा
शनिवार, रात्री ११.०५

माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. पोटापाण्याचा उद्योग निराळा असल्यामुळे उड्डाण वर्षाकाठी थोडेच होते, म्हणजे या चुका करायला अगदी योग्य असा मी उमेदवार आहे. म्हणून पुस्तकातले न सांगता माझीच एक फजिती सांगतो.

सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान होते आणि शेजारी माझा मेहुणा कॅमेरा घेऊन बसला होता. धावपट्टीकडे वळलो तेव्हाच मी उंच होतो आणि वेगातही होतो. ६५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आसपास यायला हवे तिथे काटा ७५ च्या वर होता. हे मला दिसत होते, समजतही होते. पण खाली उतरता उतरता जुळवून घेऊ, असे मी मनाशी म्हणालो. धावपट्टीच्या वर आलो आणि विमान काही केल्या बसेना. जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर विमान आले, की पंखांमुळे होणारा हवेचा अडथळा कमी होतो आणि हाती असलेला जादा वेग संपेपर्यंत ते तरंगत राहते. अर्धी धावपट्टी खालून निघून गेली, तसा मी घाबरलो आणि नाक खाली दाबून विमान जबरदस्तीने टेकवले. पुढचे चाक आधी आपटले. विमान उसळले, मी पुन्हा नाक दाबले, ते पुन्हा आणि अधिक जोरात उसळले. ही उसळी दर वेळी वाढत जाते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी पुढचे चाक मोडून नाकावरचा फिरता पंखा जमिनीला लागतो, हे मी वर्गात शिकलेलो होतो. दुसऱ्या उसळीला इंजिनाची ताकद वाढवणारा थ्रॉटल कसाबसा पुढे ढकलला आणि वर गेलो. मेहुण्याला हा सगळा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्याने टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मी स्वतःला विचारले, की माझी चूक नेमकी कोणती? नाक दाबले, ही तर चूक होतीच, पण ती शेवटची होती. पहिली चूक दीड-दोन मिनिटे आधीच झाली होती. उंची आणि वेग दोन्ही बिघडलेले असताना मी उतरायचेच, असे ठरवून टाकले होते, कारण शेजारी कॅमेरा होता. काकांच्या लेकीला हे कळले असेल, तर कौतुक रास्तच आहे.

खाडीकाठ
रविवार, सकाळी ७.४८

मी ऐरोलीच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, विमान मात्र खिडकीतून पाहण्यापलीकडे मला ठाऊक नाही. वरच्या प्रतिसादातले आकडे वाचून राहवले नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६५ च्या जागी ७५ नॉट वेग असेल, तर वेग फक्त १५ टक्क्यांनी जास्त आहे, पण ऊर्जा ३३ टक्क्यांनी जास्त आहे. ही सगळी जास्तीची ऊर्जा ब्रेक, हवा आणि धावपट्टी यांनीच संपवायची असते. ‘थोडासाच वेग जास्त होता’ या वाक्यातला ‘थोडासा’ फसवा आहे, तो असा.

वाशी_पाना
रविवार, सकाळी १०.२०

विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये माझी २६ वर्षे गेली. येऊरचा_वारा यांनी आपले विमान परत आणले तेव्हा ते आपटल्याचे कोणाला सांगितले होते का, हे मला विचारायचे आहे. हा प्रश्न मी चिडून विचारत नाही. छोट्या विमानात पुढच्या चाकाचा दांडा इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पोलादी भिंतीशी जोडलेला असतो. चाक जोरात आपटले, की त्या पत्र्याला सुरकुत्या पडतात. त्या बाहेरून दिसत नाहीत. पंख्याचे टोक जमिनीला घासले असेल, तर पंखा सरळ करून भागत नाही. झटका आतल्या क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, गेलेला असतो आणि इंजिन उघडूनच पाहावे लागते. आम्ही सकाळी विमान तपासायला घ्यावे, तर टायरवर एकाच जागी रबर झिजून सपाट झालेले दिसावे आणि आदल्या दिवशीच्या वहीत सगळे ठीक असल्याची नोंद असावी, असे मी अनेकदा पाहिले आहे. चुकीचे उतरणे माफ करता येते. न सांगणे मात्र पुढच्या वैमानिकाच्या जिवावर येते आणि तो बिचारा वैमानिक बहुधा कोणीतरी शिकाऊ पोर असतो.

येऊरचा_वारा
रविवार, सकाळी ११.०२

वाशी_पाना, सांगितले होते. खरे बोलायचे, तर मेहुणा कँटीनमध्ये सगळ्यांना व्हिडिओ दाखवू लागला, म्हणून सांगावे लागले.

कोलशेत_रेघ
रविवार, दुपारी १२.४५

क्षमा करा, पण धागा मला एकाच दिशेने चाललेला दिसतो. २८ जून २०१८ रोजी जुहूला परतणारे किंग एअर जातीचे छोटे विमान घाटकोपरमध्ये कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरून जाणारा एक पादचारी, असे पाच जण गेले. माझे कार्यालय तेव्हा घाटकोपरला होते. त्याच संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये माझ्या डब्यातल्या प्रत्येकाने चूक कोणाची, हे ठरवून टाकलेले होते. चौकशीला अजून सुरुवातही झाली नव्हती.

‘वैमानिकाची चूक’ हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या सोयीचा आहे, कारण बहुतेक वेळा तो माणूस उत्तर द्यायला उरलेला नसतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी सोगा फाटून चिंध्या झालेला आहे, कुंपणाला भगदाड असून धावपट्टीवर कुत्री आणि गुरे फिरतात, हवामानाची माहिती शेजारच्या जिल्ह्याची आहे, विद्यार्थ्याला आजच्या आज तास पुरे करायचे आहेत, हे सगळे असताना त्याच्या हातून वेग जास्त राहिला, तर ती एकट्याची चूक कशी? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे, की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोषारोप करणे नव्हे. आपल्याकडे त्यासाठी २०१२ मध्ये विमान अपघात तपास ब्युरो हे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. त्याचे अहवाल कोणालाही वाचता येतात. बातमीतल्या दोन ओळींऐवजी एखादा पूर्ण अहवाल वाचून पाहा. वैमानिकापाशी पोहोचण्याआधी बरीच पाने उलटावी लागतात.

तलावपाळी
रविवार, दुपारी ३.३०

थोडे अवांतर, पण विषय उतरण्याचाच आहे. जुहू आणि सांताक्रूझ ही दोन विमानतळे इतकी जवळजवळ आहेत, की मोठमोठ्या कंपन्यांचे वैमानिकही चुकून छोट्यावर उतरले आहेत. १५ जुलै १९५३ रोजी एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले आणि तेथून ते बाहेर काढायला काही दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली, पण ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, तेच हे जुहू. त्यांच्या वेळी शेजारी सांताक्रूझ नव्हते, त्यामुळे चुकायची सोयच नव्हती.

उपवन
रविवार, दुपारी ३.४१

ठाण्याला उतरायचे असताना फास्ट लोकल समजून दादरच्या गाडीत बसलेल्या माणसाला या दोन्ही वैमानिकांबद्दल अपार सहानुभूती वाटत आहे.

घंटाळी_डॉक्टर
रविवार, सायंकाळी ६.१५

कोलशेत_रेघ यांचे म्हणणे पटते, परंतु पूर्ण पटत नाही. अमेरिकेत बीचक्राफ्ट बोनान्झा नावाचे व्ही आकाराच्या शेपटीचे एक वेगवान खासगी विमान होते. त्याला लोकांनी ‘डॉक्टर मारणारे विमान’ असे टोपणनाव दिले होते. डॉक्टर, वकील असे पैसेवाले हौशी लोक ते विकत घेत; हुशारी भरपूर, हाताला सराव कमी आणि आपण चुकू शकतो, हे ऐकायची सवय नाही. मी स्वतः भूलतज्ज्ञ आहे. ‘एवढे झाले आहे, तर आता पूर्णच करू’ हे वाक्य मी शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी ऐकले आहे आणि ते ऐकले, की माझ्या पोटात गोळा येतो. कुंपणाचे भगदाड ही व्यवस्थेची चूक आहे, हे मान्य. पण मेहुण्याच्या कॅमेऱ्याचे काय करणार? तो कोणत्याही व्यवस्थेत बसलेला असतोच.

उजवा_रडर
रविवार, रात्री ८.५०

मी खारघरला राहतो. आयुष्यभर मुलांना विमान शिकवले. आता गुडघे शिकवू देत नाहीत. नेरूळकर साहेब, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर पुष्कळसे आले आहे, तरीही एक गोष्ट राहिली आणि तीच सर्वांत घातक आहे.

धावपट्टीवर उसळण्याने, घसरण्याने विमान मोडते, माणसे बहुतेकदा वाचतात. माणसे जातात ती धावपट्टीच्या आधीच्या वळणावर. उतरण्यापूर्वी विमान धावपट्टीला समांतर जाते, मग काटकोनात वळते आणि पुन्हा एकदा वळून धावपट्टीच्या रेषेत येते. या शेवटच्या वळणाला मागून वारा असला, तर विमान रेषेच्या पलीकडे वाहत जाते. खरे तर तेव्हा वर निघून जावे. विद्यार्थी तसे न करता अधिक कलतो किंवा कलायची भीती वाटली तर पायाने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी) दाबून नाक ओढून आणतो, आणि नाक खाली झुकते म्हणून हाताने ते वर उचलतो. आता हिशेब पाहा. सेस्ना १७२ चे पंख, फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा पूर्ण उघड्या असताना, सुमारे ४८ नॉटच्या खाली विमानाला धरून ठेवू शकत नाहीत. उंची कायम राखून ४५ अंश कलले, तर हीच मर्यादा ५७ वर जाते आणि ६० अंशांना ती ६८ वर जाते. तुम्ही ६५ ने येत आहात. म्हणजे काट्यावरचा वेग जराही न बदलता विमान अचानक पडू शकते आणि रडर दाबलेला असेल, तर ते एका बाजूला गिरकी घेऊन पडते. उंची चार-पाचशे फूट. त्या उंचीवरून सावरायला जागाच नसते.

डोळ्यांचीही फसवणूक असते. अरुंद धावपट्टीवर आपण आहोत त्याहून उंच आहोत, असे वाटते आणि विमान खाली खाली येत जाते. त्याउलट रुंद धावपट्टीवर आपण आधीच खाली आलो, असे वाटते आणि नाक फार लवकर उचलले जाते. मग विमान हवेतच वेग गमावून दाणकन बसते. अरुंद पट्टीवर शिकलेले माझे विद्यार्थी पहिल्यांदा मोठ्या विमानतळावर गेले, की हमखास उंचावरच थांबत. उपाय एकच सांगत असे, की नाकासमोरची जमीन पाहू नका, धावपट्टीचे दूरचे टोक पाहा.

दुसरा प्रश्न कौतुकाचा. २२ मे २०१० च्या मंगळुरूच्या अपघातात १५८ माणसे गेली. ते विमान फार उंचावरून आणि वेगात येत होते आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी सांगितलेही होते. शेजारी सांगणारा माणूस असून हे झाले. तुमची लेक एकटी होती. तिला सांगणारे कोणी नसताना तिने स्वतःच स्वतःला सांगितले आणि ऐकलेही. प्रशिक्षकाने विद्यार्थ्याला एकट्याने सोडताना मनात एवढीच एक शंका असते, की याला परत फिरता येईल का. म्हणून कौतुक.

वाशी_पाना
रविवार, रात्री ९.३५

उजवा_रडर सर, आपले सर्व मान्य, पण परत वर जाणे म्हणजे रामबाण उपाय आहे, असा समज वाचकांचा होऊ नये. अर्ध्याहून अधिक धावपट्टी संपल्यावर, वेग मेलेला असताना, पूर्ण उघडलेल्या फ्लॅप्सनिशी वर जायला निघालेली विमानेही आम्ही झाडांतून आणली आहेत. चाके टेकून ब्रेक लागलेले असतील, तर शेवटच्या कुंपणाला २० नॉटने धडकलेले परवडते. ६० नॉटने झाड परवडत नाही.

उजवा_रडर
रविवार, रात्री १०.१०

अगदी बरोबर आणि हे मी लिहायला हवे होते. उतरण्यासाठी ट्रिम केलेल्या, म्हणजे हाताने जोर न लावता उतरत्या वेगावर स्थिर राहील असे जुळवलेल्या, विमानाला एकदम पूर्ण ताकद दिली, की नाक जोराने वर उसळते. ते हाताने दाबून धरावे लागते, नाहीतर वर जातानाच ते पडते. फ्लॅप्सही एकदम मिटवायचे नसतात, टप्प्याटप्प्याने मिटवायचे असतात, नाहीतर विमान खाली बसते. म्हणून निर्णय लवकर हवा. मी मुलांना दोन फाटके आखून देत असे. जमिनीपासून ३०० फुटांवर रेषा, वेग आणि उंची जुळलेली नसली तर वर जायचे; आणि धावपट्टीच्या पहिल्या तिसऱ्या भागात चाके टेकली नाहीत तर वर जायचे. दोन्ही फाटकांपाशी विचार करायचा नाही. विचार जमिनीवर करून ठेवलेला असतो.

कोलशेत_रेघ
सोमवार, सकाळी ८.०५

मग हेच तर मी म्हणत होतो. दोन फाटके आखून देणारा शिक्षक ही व्यवस्था आहे. ज्याला तसा शिक्षक मिळाला नाही, त्याच्या नावापुढे ‘वैमानिकाची चूक’ लिहिले जाते.

घंटाळी_डॉक्टर
सोमवार, सकाळी ८.४०

आणि ज्याला मिळाला, पण ज्याने ३०० फुटांवर ‘या वेळी जाऊ दे’ म्हटले, त्याच्या नावापुढे काय लिहायचे?

उपवन
सोमवार, सकाळी ९.१२

आपण दोघे एकाच धावपट्टीवर समोरासमोरून येत आहात. कृपया एकाने वर जावे.

खाडीकाठ
सोमवार, दुपारी १.२०

एक शंका आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या उलव्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे मोठ्या विमानामागे एखादे छोटे विमान उतरले, तर त्याला मोठ्याच्या वाऱ्याचा त्रास होत नाही का?

येऊरचा_वारा
सोमवार, दुपारी २.०५

होतो आणि जीवघेणा होतो. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे सुटतात आणि ते मागे हळूहळू खाली बसत जातात. छोटे विमान त्यात सापडले, तर ते उलटेही होऊ शकते. म्हणून अंतर राखायचे, पुढच्या विमानाच्या मार्गाच्या वरून यायचे आणि त्याची चाके जिथे टेकली, त्याच्या पुढे आपली टेकवायची. मोठ्या धावपट्टीवर छोट्या विमानाला तेवढी चैन परवडते.

नेरूळकर
मंगळवार, रात्री १०.३०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा सगळा धागा मी काल रात्री हिच्या आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि लेकीला पाठवला. आज तिचा फोन आला. ती हसत होती. म्हणाली, “बाबा, ते काका फार चांगले लिहितात, पण त्या दिवशी पलीकडच्या टोकाला धावपट्टीवर कुत्रा आला होता.”

मी चाट पडलो. मग तिने सगळे नीट सांगितले. ती उंचही होती आणि वेगातही होती. पहिले फाटक तिने तसेच ओलांडले होते, कारण खाली सगळी मुले पाहत उभी होती. आपण चुकतो आहोत, हे कळत असूनही ती उतरणारच होती. तेवढ्यात दूरच्या टोकाला कुत्रा दिसला, म्हणून ती वर गेली. खाली आल्यावर सगळ्यांना वाटले, की कुत्रा पाहून तिने समयसूचकता दाखवली. तिने मात्र प्रशिक्षकांपाशी जाऊन सांगितले, की सर, कुत्रा नसता तर मी ते विमान तसेच उतरवले असते. त्यावर त्यांनी सगळ्या मुलांना बोलावून घेतले. कोलशेत_रेघ यांना कुंपणाचे भगदाड मिळाले, डॉक्टरांना कॅमेरा मिळाला आणि वाशी_पाना यांची वहीतली नोंदही मिळाली. कौतुक कशाचे झाले, ते हिच्या आईला मला आता पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार आहे.

कोलशेत_रेघ
मंगळवार, रात्री १०.४४

कुंपण दुरुस्त झाले का, तेवढे विचारा.

उजवा_रडर
मंगळवार, रात्री ११.२०

तिने कुत्रा पाहिला, म्हणजे ती दूरच्या टोकाकडेच पाहत होती, ठीक आहे. वर जाताना फ्लॅप्स किती टप्प्यांत मिटवले, तेही विचारून ठेवा.